आईला उभं करून तपासलं, म्हणून सापडलं

वर्षभरात दोनदा आईला धाप लागून ॲडमिट करावं लागलं. दोन्ही वेळा सीटी अँजिओत फुप्फुसात रक्ताच्या गुठळ्या. पहिल्या वेळी सहा महिने रक्त पातळ करायच्या गोळ्या दिल्या, बंद केल्या आणि अडीच महिन्यांत पुन्हा तेच. गुठळ्या येतात कुठून, कुणी सांगेना. पायाला सूज नाही, दुखणं नाही. पायाचा डॉपलर, म्हणजे शिरांतला रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी, आधी एका ठिकाणी झाला होता. पाठीवर झोपवून दहा मिनिटांत 'नॉर्मल' लिहून दिलं होतं. त्या एका शब्दावर आम्ही गाफील राहिलो, याचा मला अजून राग येतो.

या सेंटरमध्ये डॉपलर करणाऱ्या मॅडमनी आधी जुना रिपोर्ट नीट वाचला. मग म्हणाल्या, "काकू, भिंतीकडे तोंड करून उभ्या राहा, भार डाव्या पायावर." उजव्या गुडघ्याच्या मागच्या खळग्यात प्रोब (सोनोग्राफीचं हातात धरायचं यंत्र) टेकवला आणि मला स्क्रीनजवळ बोलावलं. सरळ वर येणारी शीर तिथे एका बाजूला पिशवीसारखी फुगली होती. 28 मिलिमीटर! निरोगी शीर प्रोबने दाबली की चपटी होते. ही एका कडेला दबेचना. तिथे गुठळी चिकटलेली. उरलेल्या जागेत रक्त गोल गोल घुटमळत होतं. असं रेंगाळलेलं रक्त गोठतं, तुकडा सुटतो आणि हृदयातून थेट फुप्फुसात जाऊन अडकतो. पॉप्लिटियल व्हेनस ॲन्युरिझम असं याचं नाव, फार क्वचित सापडणारा आजार.

रिपोर्टवर मापं तर होतीच, शिवाय पिशवी नेमकी कुठे सुरू होते ते मॅडमनी हाताने काढून दिलं होतं. सर्जननी तोच कागद समोर ठेवून समजावलं: फुगवटा 20 मिलिमीटरच्या वर असेल किंवा आत गुठळी असेल, तर सहसा ऑपरेशनच सुचवतात, कारण नुसत्या गोळ्यांवर पुन्हा गुठळी सुटण्याची भीती राहते. फुगलेला भाग कापून शीर शिवली. त्यानंतर काही महिने गोळ्या. परवा आई स्वतः जिना चढून गच्चीवर कुरडया वाळत घालून आली.

सेंटरवर आधी वेळ ठरवूनही पावणेदोन तास थांबावं लागलं आणि बसायला खुर्च्या अपुऱ्या आहेत, तेवढं बघा. पेशंटला सैल पायजमा घालून न्या, आणि जुना रिपोर्ट नॉर्मल असला तरी बरोबर ठेवा.