६६ची उघडी मस्टँग: इंजिनाआधी दार बघा

मी मूळची पुण्याची. गेली बावीस वर्षं डेट्रॉइटजवळ राहते आणि पोटापाण्यासाठी ब्रेकचं काम करते. त्यामुळे नवऱ्यानं १९६६ची मस्टँग कन्व्हर्टिबल दारात आणून उभी केली, तेव्हा तो कौतुकानं बॉनेट उघडत होता आणि मी चाकांच्या आत डोकावत होते.

बॉनेटखाली फोर्डचं नव्या जमान्याचं पाच लिटरचं कायोटी इंजिन आहे, ४६० हॉर्सपॉवरचं. मूळच्या २८९ घनइंची व्ही-८ला (आठ सिलिंडरच्या इंजिनाला) जास्त हवा-पेट्रोल देणारा फोर-बॅरल कार्ब्युरेटर असला तरी कंपनी २२५च सांगायची, तेही जुन्या ऐसपैस मापानं, म्हणजे इंजिन गाडीबाहेर ठेवून मोजलेलं. कायोटी भलतंच रुंद. ते बसवायला पुढच्या स्प्रिंगांचे टॉवर कापून सस्पेन्शनच नवं घालावं लागतं. ओहायोतल्या ज्या छोट्या वर्कशॉपनं गाडी बांधली, त्यांनी हे काम झकास केलंय. वेल्डिंगवरून बोट फिरवलं, कुठे अडकलं नाही. गाडी पळते कशी, हे नवऱ्याला विचारा. तो थांबणार नाही.

पण छत नसलेली गाडी पिळवटते, तिचं खरं दुखणं ते. म्हणून फोर्डनं तेव्हाच कन्व्हर्टिबलच्या तळाला जास्तीचा पत्रा दिला होता, पण तो तेव्हाच्या इंजिनाच्या ताकदीला पुरेल एवढाच. ही किती पिळवटते ते बघायला मी मागच्या एका कोपऱ्याला जॅक लावला, चाक चार बोटं उचललं आणि ड्रायव्हरचं दार लावून पाहिलं. ‘खट्’ व्हायला हवं होतं, झालं ‘खर्र’. दाराची फट वर नखाएवढी, खाली बोटभर. बिलात चॅसी मजबूत केल्याचे पैसे लावलेले. खाली झोपून बघते तर पुढची-मागची फ्रेम जोडणाऱ्या पट्ट्या नुसत्या बोल्टनं आवळलेल्या. फोन केल्यावर त्यांनी वाद घातला नाही, गाडी मागवून पट्ट्या वेल्ड करून दिल्या. गाडी ओढून न्यायचा खर्च मात्र आमच्या माथी.

ब्रेक: मुळात या गाडीला चारही चाकांना जुन्या पद्धतीचे ड्रम ब्रेक यायचे. आता पुढे डिस्क ब्रेक, त्यांवर चकती दाबून धरणारे सहा पिस्टनचे कॅलिपर आहेत, दिसायला रुबाबदार. पण रुंद इंजिनापुढे बूस्टरला, म्हणजे पायाचा जोर वाढवणाऱ्या डब्याला, जागाच उरली नाही, आणि तो नसताना त्यांनी मास्टर सिलिंडर (पेडलनं ब्रेकचं तेल ढकलणारा पंप) मोठ्या बोअरचा, म्हणजे आतून रुंद, घातला! पेडल दगडासारखं. सिग्नलला माझी पोटरी भरून यायची. लहान बोअरचा घालून घेतला, पेडल जरा खोल जातं पण गाडी पायाला ऐकते. इतकी साधी गोष्ट एवढे पैसे घेणाऱ्यांना कळू नये, याचा मला अजून राग आहे.

ऑगस्टात डेट्रॉइटच्या वुडवर्ड ॲव्हेन्यूवर ड्रीम क्रूझला, म्हणजे जुन्या गाड्यांच्या मिरवणुकीला, नेली. सांगलीहून आलेल्या सासूबाई मागे, डोक्यावर पदर घट्ट बांधून. दोन तास ताशी दहा मैलांनी सरकल्यावर म्हणाल्या, "एवढे पैसे मोजून ऊनच खायचं होतं, तर गच्ची काय वाईट होती गं?"

त्या बसल्या होत्या त्या सीटमागे डिकी, आणि या मस्टँगमध्ये डिकीची जमीन म्हणजेच पेट्रोलच्या टाकीचा वरचा पत्रा. वर्कशॉपनं टाकी नवी घातली, पण रचना जुनीच ठेवली. सीट आणि टाकीच्या मधे पोलादाचा आडपडदा नाही, म्हणजे मागून धडक बसली तर पेट्रोल थेट आत येऊ शकतं. तो घातल्याशिवाय आता मागे कुणाला बसू देत नाही. नवरा म्हणतो, वजन वाढेल. वाढू दे.