आठ महिने योगासनं केली: काय सुटलं, काय तसंच राहिलं

सगळं सुरू झालं कंबरेपासून. दिवसाचे नऊ तास खुर्चीत बसून काम. उठताना आधी टेबलाची कड धरायची, मग टप्प्याटप्प्याने सरळ व्हायचं, इथवर वेळ आली होती. डॉक्टरांनी तपासलं. मणक्यात काही बिघाड नव्हता, पण शरीर पार आखडलेलं. म्हणाले, व्यायाम सुरू करा. पळायला गुडघे तयार नव्हते, म्हणून योग. वय ४७, रक्तदाबाची एक गोळी चालू, आणि उभ्याने वाकलो की बोटं नडगीच्या मध्यावर थांबायची. हा माझा सुरुवातीचा हिशोब. आता आठ महिने झाले आहेत.

पहिली चूक पहिल्याच आठवड्यात केली. मोबाईलवर एक झकास व्हिडिओ सापडला, ४५ मिनिटांचा, विन्यास पद्धतीचा. विन्यास म्हणजे श्वासाच्या तालावर एका आसनातून दुसऱ्यात वाहत जायचं: श्वास घेत हात वर, सोडत खाली, मागे उडी, चतुरंग दंडासन (दंड काढताना खाली गेल्यासारखं), पुन्हा वर. बघायला नाचासारखं दिसतं. करताना माझी अवस्था बस पकडणाऱ्या माणसासारखी. समोरची बाई श्वानासनात (हात-पाय जमिनीवर, कंबर वर) पोहोचलेली असायची तेव्हा मी अजून मागचा पाय शोधत असायचो. तरी घाम यायचा, म्हणजे काहीतरी होतंय असं वाटायचं. सातव्या आठवड्यात डाव्या बाजूला, बसताना जे हाड टेकतं तिथे, खोल ठणका सुरू झाला. मांडीच्या मागचा स्नायू जिथे त्या हाडाला जोडलेला असतो, तीच जागा मी रोज ओढत होतो. पुढे वाकताना पाठीची कमान करून, पाय ताठ ठेवून, ‘अजून थोडं, अजून थोडं’ करत. पुढचे सहा आठवडे सगळं बंद.

त्या सक्तीच्या सुट्टीत थोडं वाचलं आणि पहिल्यांदा कळलं की ‘योग करतो’ हे वाक्य ‘गाणं म्हणतो’ इतकंच मोघम आहे. गंमत म्हणजे आज एकमेकांपासून कोसभर लांब वाटणाऱ्या दोन पद्धती एकाच गुरूच्या हाताखालून निघाल्या. टी. कृष्णमाचार्य १९३० च्या दशकात म्हैसूरच्या राजवाड्यातल्या योगशाळेत शिकवत. त्यांच्याकडे शिकलेल्या पट्टाभि जोईस यांनी अष्टांग विन्यास रुजवला: ठरलेला क्रम, आठवड्यातले सहा दिवस, अमावास्या-पौर्णिमेला सुट्टी. (हा अष्टांग वेगळा आणि पतंजलींची यम-नियमांपासून समाधीपर्यंतची आठ अंगं वेगळी. माझा इथे बराच गोंधळ झाला होता.) दुसरे शिष्य बी. के. एस. अय्यंगार. लहानपणापासून आजारी, अशक्त शरीर. त्यांनी आसनात थांबण्यावर, हाड न् हाड जागेवर आणण्यावर भर दिला, आणि जिथे शरीर पोहोचत नाही तिथे पट्टा, ठोकळा, खुर्ची, दोरी द्यायची हे पुढे आणलं.

मला हेच हवं होतं. एक वर्ग लावला. पहिल्या दिवशी पश्चिमोत्तानासनाला (पाय पसरून बसून पुढे वाकायचं) मॅडमनी घोंगडीची घडी बुडाखाली सरकवली, तळव्यांना पट्टा अडकवला आणि त्याची टोकं माझ्या हातात दिली. मी सवयीने डोकं खाली घातलं. ‘डोकं गुडघ्याला लावून काय मिळणार आहे? बेंबी पुढे न्या,’ त्या म्हणाल्या. नेली. जेमतेम चार बोटं पुढे गेलो असेन, पण कंबरेतून वाकण्याऐवजी पहिल्यांदा जांघेतून वाकलो. ते दुखरं हाड गप्प राहिलं आणि पोटरीपासून मांडीपर्यंत एकसारखा ताण आला. तिथे दीड मिनिट. दीड मिनिट किती लांब असतं ते पट्टा धरून बसल्याशिवाय कळत नाही.

बाकीच्या पद्धती मी पाहुण्यासारख्या चाखल्या. तापवलेल्या खोलीतल्या वर्गाला एकदाच गेलो: सुमारे ४० अंश तापमान, ठरलेल्या २६ क्रिया, दीड तास. उष्णतेत शरीर खोटं लवचिक वाटतं, आणि माझ्यासारख्या ‘अजून थोडं’वाल्याला तो सापळाच. शिवाय रक्तदाबाची गोळी चालू असताना मी तिथे जायलाच नको होतं. यिन उलट टोकाची: जमिनीवरची मोजकी आसनं, एकेकात तीन ते पाच मिनिटं सैल पडून राहायचं. दमलेल्या दिवशी छान. शिवानंद परंपरेच्या वर्गात बारा मूळ आसनं आणि मध्ये मध्ये शवासन. ज्याला घाई नाही आणि प्राणायामही शिकायचाय त्याने इथून सुरुवात करावी असं मला वाटतं. योगनिद्रेबद्दल (पडून, सूचना ऐकत शरीर सैल सोडायचं) मत देण्याचा अधिकार मला नाही. मी दरवेळी घोरलो.

आता फायदा. कंबर साधारण चौथ्या महिन्यात सैल झाली. एक दिवस बुटाची नाडी उभ्यानेच, पाय स्टुलावर न ठेवता बांधली आणि बांधून झाल्यावर लक्षात आलं. मात्र हे योगाचंच खास श्रेय म्हणून मिरवणार नाही. जुनाट कंबरदुखीवर झालेल्या अभ्यासांचे एकत्रित आढावेही सुधारणा सौम्य ते मध्यम म्हणतात, आणि पाठीच्या इतर व्यायामांच्या तुलनेत फारसा फरक दिसत नाही. काहींची पाठदुखी योग करताना वाढतेसुद्धा. तरी मी टिकलो तो योगात, जिम दोनदा सोडली होती.

अनपेक्षित मिळालं ते झोपेत. रात्री दहा मिनिटं उच्छ्वास श्वासाच्या दुप्पट लांब ठेवतो. श्वास सोडताना हृदयाची गती थोडी उतरते, हे मनगटावर बोटं ठेवून मोजता येतं. वजन? अर्धा किलो, तेही दोनदा वजन केल्यावर. संथ योगाने चरबी झडत नाही, तसं कुणी सांगत असेल तर त्याच्या तोंडावर हसा. रक्तदाबाची गोळीही आहे तेवढीच आहे. शीर्षासन मी करत नाही. रक्तदाब किंवा काचबिंदू असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय उलटं होऊ नये, उलट्या आसनात डोळ्यांतला दाब वाढतो. त्याऐवजी मी पाय भिंतीला लावून विपरीत करणी करतो.

मॅटबद्दल एकच. जाड म्हणजे चांगली समजून मी १० मिलिमीटरची घेतली. तिच्यावर वृक्षासनात, एका पायावर उभं राहताना, घोटा बोटीसारखा डोलतो आणि श्वानासनात मनगटं आत रुततात. आता ४ मिलिमीटरची वापरतो, गुडघ्याखाली घोंगडी.

एक गोष्ट मात्र अजून पचलेली नाही. आसनांचा एवढा डामडौल, पण पतंजलींच्या १९५ सूत्रांत आसनावर जेमतेम तीन आहेत. पहिलंच ‘स्थिरसुखमासनम्’. स्थिर आणि सुखाचं. माझ्या पहिल्या सात आठवड्यांत यातलं काहीच नव्हतं. हल्ली स्थिर जमतं. सुखाचं काही आसनांत, तेही श्वास अडकला नाही तर.

अधोमुख श्वानासनात डावी टाच गेल्या मंगळवारी जमिनीला टेकली. उजवी अजून दोन बोटं वर आहे.