जायबंदी सैनिक लोकसभेला उभा राहतो तेव्हा: पक्षाचे तिकीट की अपक्ष अर्ज?

लढाईत जायबंदी होऊन घरी परतलेला सैनिक लोकसभा लढवायचे मनावर घेतो, तेव्हा पहिला फाटा इथेच फुटतो. तिकीट मागायचे की अपक्ष उतरायचे? उत्तर गोवा मतदारसंघ डोळ्यांसमोर ठेवून दोन्ही वाटा शेजारी-शेजारी मांडतो. माझे मत आधीच सांगतो. खासदार व्हायचे असेल तर पक्ष हवा. मात्र पक्षाला तुमच्यापेक्षा तुमच्या जखमेची गरज जास्त वाटत असेल, तर ते तिकीट घेऊ नका.

दोन्ही वाटांवर सारखे असलेले आधी उरकू. वय २५ पूर्ण हवे. सर्वसाधारण उमेदवाराची अनामत २५,००० रुपये, अनुसूचित जाती-जमातींसाठी १२,५००. सैन्याचे पेन्शन आड येत नाही, पण निवृत्तीनंतर सरकारी नोकरी लागली असेल तर अर्ज भरण्याआधी ती सोडावी लागते. सैन्यातून मुक्त झाल्याचे कागद जवळ ठेवा. वैद्यकीय कारणाने मुक्त होणे म्हणजे बडतर्फी नव्हे, आणि छाननीच्या टेबलावर हा फरक कागदानेच सिद्ध होतो. सीमा सुरक्षा दलातून बडतर्फ झालेले तेज बहादूर यादव २०१९ मध्ये वाराणसीतून उभे राहू पाहत होते. बडतर्फी भ्रष्टाचार किंवा देशद्रोहामुळे नाही, असा निवडणूक आयोगाचा दाखला नाही म्हणून त्यांचा अर्ज बाद झाला.

आता फरक. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक (अर्जावर सही करून नाव सुचवणारा मतदार) पुरतो, अपक्षाला मतदारसंघातलेच दहा लागतात. गोव्यात दहा सह्या मिळवणे अवघड नाही. अवघड आहे ते वेळेचे गणित. २०२४ मध्ये गोव्यात माघारीची मुदत २२ एप्रिलला संपली आणि मतदान ७ मे रोजी झाले. अपक्षाला चिन्ह मिळते ते माघारीनंतर. प्रचार मतदानाच्या ४८ तास आधी थांबतो, म्हणजे नवे चिन्ह पेडण्यापासून सत्तरीपर्यंत पोहोचवायला जेमतेम दोन आठवडे. पक्षाचे चिन्ह लोकांना वर्षानुवर्षे पाठ असते. मतदान यंत्रावरही मान्यताप्राप्त पक्षांचे उमेदवार वर असतात आणि अपक्ष सर्वांत खाली.

उत्तर गोव्यात विधानसभेचे २० मतदारसंघ येतात, मतदार पावणेसहा लाखांच्या आसपास आणि मतदान केंद्रे आठशेंहून अधिक. प्रत्येक केंद्रावर पोलिंग एजंट बसवायचा म्हटला तरी अपक्षाला छोटी पलटण उभी करावी लागते. अनामत वाचवायला वैध मतांचा एक षष्ठांशापेक्षा जास्त वाटा हवा. २०२४ च्या मतदानावरून हिशेब केला तर ती रेघ सत्तर हजारांच्या वर जाते. त्या वेळी रेव्होल्यूशनरी गोवन्सच्या मनोज परब यांना चाळीस हजारांहून अधिक मते पडली होती. गावोगावी कार्यकर्ते असलेला पक्षही त्या रेघेच्या खालीच राहिला, तिथे एकट्या माणसाने काय अपेक्षा ठेवायची हे ज्याचे त्याने ठरवावे.

पैशाच्या बाबतीत कायदा वरवर समान दिसतो. गोव्यात लोकसभेची खर्चमर्यादा दोघांनाही ७५ लाख रुपये. पण पक्षाच्या स्टार प्रचारकाचा प्रवासखर्च उमेदवाराच्या खात्यात धरला जात नाही. अपक्षाचा मात्र प्रत्येक रुपया त्याच्याच वहीत लिहिला जातो.

याहून महत्त्वाचे आहे ते शरीर, आणि त्याबद्दल कोणी मोकळेपणाने बोलत नाही. एप्रिल-मेच्या उकाड्यात कृत्रिम पाय घालून दिवसभर फिरले की खोबणीत घाम साचतो, कातडी सोलते आणि दुसऱ्या दिवशी पाय चढवता येत नाही. गोव्यातल्या जुन्या घरांना पायऱ्या, वाडे म्हणजे वस्त्या डोंगरउतारावर, बेटांवर जायला फेरीबोट. पक्षात हे चालणे वाटून घेता येते. घरोघर पंच (ग्रामपंचायतीचे सदस्य) आणि कार्यकर्ते जातात, तुम्ही कोपरा बैठकांना बसून बोलता. अपक्षाच्या दारी लोक त्यालाच शोधतात. "तो स्वतः आला नाही" हे वाक्य मत घालवते. म्हणून अपक्ष लढायचे असेल तर तयारी किमान वर्षभर आधी सुरू करा आणि रोज किती चालायचे ते डॉक्टरांना विचारून ठरवा.

जखम प्रचारात कोणाच्या हाती राहणार, हा प्रश्न मला सर्वांत मोठा वाटतो. सैनिकांचे फोटो आणि सैन्याच्या कारवाया प्रचारात वापरू नका, असे निवडणूक आयोगाने पक्षांना २०१३ मध्ये आणि पुन्हा मार्च २०१९ मध्ये बजावले आहे. तरी पक्षाच्या फलकावर तुमच्या नावाआधी तुमचा तुटलेला हात यायची भीती राहतेच. अपक्ष असाल तर फलक तुमचा, शब्द तुमचे. ज्या साथीदारांनी तुम्हाला उचलून मागे आणले, त्यांच्यासमोर तो फलक लाज न वाटता उभा राहिला पाहिजे.

जखमेमुळे मते आपोआप मिळतात, हा समज तर सोडूनच द्या. इराकमध्ये २००४ साली हेलिकॉप्टर पाडले गेले त्यात दोन्ही पाय गमावलेल्या टॅमी डकवर्थ २००६ मध्ये अमेरिकी प्रतिनिधीगृहाची निवडणूक पाच हजारांहून कमी मतांनी हरल्या. २०१२ मध्ये जिंकल्या आणि २०१६ मध्ये सिनेटवर निवडून आल्या. मॅक्स क्लेलँड यांनी व्हिएतनाममध्ये दोन्ही पाय आणि एक हात गमावला होता. तरीही २००२ मध्ये विरोधकांनी जाहिरातीत बिन लादेन आणि सद्दाम यांची चित्रे दाखवत सुरक्षेच्या प्रश्नावर त्यांच्यावरच हल्ला चढवला, आणि ते सिनेटची जागा हरले. दोघांच्याही मागे पक्ष होता. डकवर्थ यांना पराभवानंतर पुन्हा उभे राहता आले, त्यात पक्षाचा वाटा मोठा होता. आपल्याकडे कॅप्टन विरियातो फर्नांडिस नौदलातून निवृत्त झालेले. २०२२ मध्ये दाबोळीत विधानसभेला हरले आणि २०२४ मध्ये काँग्रेसच्या तिकिटावर दक्षिण गोव्याचे खासदार झाले. अपक्षाला अशी दुसरी संधी क्वचितच मिळते.

२०२४ मध्ये देशभरातून सात अपक्ष लोकसभेत गेले, सांगलीचे विशाल पाटील त्यांतले एक. पण त्यांच्यामागे घराण्याची आणि कार्यकर्त्यांची जुनी फळी होती.

सभागृहात गेल्यावर पारडे थोडे फिरते. पक्षाच्या खासदाराला पक्षादेश मोडता येत नाही, मोडला तर खासदारकी जाऊ शकते. माजी सैनिकांच्या पेन्शनवर सरकारला धारेवर धरायचे असेल आणि पक्ष सत्तेत असेल, तर ही अडचण खरी आहे. अपक्ष मोकळा असतो, मात्र निवडून आल्यावर कोणत्याही पक्षात गेला तर तोही अपात्र ठरतो. बोलायची वेळ पक्षाच्या संख्याबळावर मिळत असल्याने चर्चेत त्याच्या वाट्याला थोडीच मिनिटे येतात. प्रश्न विचारणे आणि खासगी विधेयक मांडणे हे हक्क त्याला इतरांइतकेच.

अपक्षच राहायचे असा निर्धार असेल, तर विधानसभेचा विचार करा. अनामत १०,००० रुपये, मतदार पंचवीस-तीस हजारांच्या घरात, आणि जखमी पायानेही बहुतेक वाडे गाठता येतात. २०२२ मध्ये डिचोलीतून डॉ. चंद्रकांत शेट्ये, कुडतरीतून आलेक्स रेजिनाल्ड आणि कुठ्ठाळीतून आंतोनियो वास अपक्ष म्हणून निवडून आले.

आणि पक्षाशी बोलणी करायची असतील तर तीन गोष्टी आधीच विचारून घ्या. वीसही मतदारसंघांत केंद्रावर बसणारी माणसे कोण देणार? फलकावर काय छापायचे याचा शेवटचा शब्द कोणाचा? हरलो तर पुढच्या वेळी मी तुमचा उमेदवार असेन का? तिसऱ्याचे उत्तर टाळले गेले, तर घाई करू नका.