‘लिव्ह’साठी कोणता कोश उघडावा? पाच ऑनलाइन कोशांची तपासणी

कोश कसा आहे हे अवघड शब्द शोधून कळत नाही. अवघड शब्दाला बहुधा एकच अर्थ असतो आणि तो सगळे कोश नीट देतात. कोशाचा कस लागतो तो एल-आय-व्ही-ई असल्या चार अक्षरांच्या, रोज तोंडात असणाऱ्या शब्दावर. याला उच्चार दोन, तो क्रियापद आहे, विशेषण आहे आणि क्रियाविशेषणही आहे. शिवाय ऑन, ऑफ, अप टू, डाउन, विथ असं काहीही मागे लागलं की अर्थ बदलतो. ऑक्सफर्ड लर्नर्स, केंब्रिज, लाँगमन, कॉलिन्स कोबिल्ड आणि मरियम-वेबस्टर हे पाचही कोश नेटवर फुकट आहेत. जाहिराती सोसाव्या लागतात, तेवढंच.

आधी उच्चार, कारण पहिली ठेच तिथेच लागते. क्रियापद असेल तर ‘लिव्ह’, विशेषण किंवा क्रियाविशेषण असेल तर ‘लाइव्ह’. ‘लाइफ’चं अनेकवचन ‘लाइव्ह्ज’, पण ‘ती इथे राहते’ म्हणताना तीच अक्षरं ‘लिव्ह्ज’ अशी वाचायची. अपवाद दोनच ध्यानात ठेवावेत. ‘लिव्ह-इन’ हे विशेषण असूनही ‘लिव्ह’च, कारण ते ‘लिव्ह इन’ या क्रियापदावरून आलं. ‘लाँग-लिव्ह्ड’चे मात्र लिव्ह्ड आणि लाइव्ह्ड असे दोन्ही उच्चार चालतात.

मराठी माणसाची अडचण याच्याही अलीकडे आहे. वीज, पीठ, तीळ: शेवटचं अक्षर अकारान्त असलं की आधीचा इकार आपण दीर्घ करतो. त्याच सवयीने लिव्हचा लीव्ह होतो, आणि ‘मी इथे राहतो’ म्हणणारा ‘मी इथून निघतो’ असं बोलून बसतो. ऑक्सफर्ड आणि केंब्रिज इथे कामाला येतात. आंतरराष्ट्रीय उच्चारलिपीत दीर्घ स्वरापुढे विसर्गासारखी दोन टिंबं असतात. ती ‘लीव्ह’ला आहेत, ‘लिव्ह’ला नाहीत. एवढी एक खूण ओळखता आली तरी पुरे. दोन्ही शब्दांपुढचा स्पीकर पाठोपाठ दाबून ऐकावा. एकदा नव्हे, पाच-सहा वेळा.

मरियम-वेबस्टर मात्र इथे फसवतो. त्याची उच्चारलेखनाची पद्धत स्वतःची आहे. त्यात आय अक्षरावर आडवी रेघ दिसली की वाचायचं ‘आइ’. संस्कृत किंवा मराठी शब्द रोमन लिपीत लिहिताना तीच रेघ ‘ई’साठी वापरतात. त्यामुळे ‘लाइव्ह’ची नोंद समोर असताना आपला वाचक बेलाशक ‘लीव्ह’ वाचतो. कोशाची चूक म्हणता येणार नाही, पण नवशिक्याच्या हाती तो देऊ नये.

आता अर्थ. पहिला अर्थ कोणता द्यायचा यावरून कोश कोणासाठी आहे ते कळतं. ऑक्सफर्ड लर्नर्स ‘एखाद्या ठिकाणी घर असणे’ इथून सुरुवात करतो, कारण शिकणाऱ्याला आधी तेच लागतं. मरियम-वेबस्टर अर्थ कालक्रमाने लावतो, जुना आधी. म्हणून तिथे ‘जिवंत असणे’ वर येतं. ज्याला शब्दाचा प्रवास पाहायचा आहे त्याने तिथे जावं, ज्याला उद्या मुलाखतीत बोलायचं आहे त्याने ऑक्सफर्ड उघडावा. केंब्रिज प्रत्येक अर्थावर ठळक अक्षरांत मथळा देतो. लांबलचक नोंदीत तो मथळा म्हणजे मैलाचा दगड; हवा तो अर्थ दहा सेकंदांत सापडतो. लाँगमनच्या व्याख्या साधारण 2,000 सोप्या शब्दांच्या आत लिहिलेल्या असतात. 1978च्या पहिल्या आवृत्तीपासूनची ही शिस्त आहे आणि तिचा फायदा असा, की व्याख्येतला शब्द शोधायला पुन्हा कोश उघडावा लागत नाही.

तरीही एक गोष्ट पाचांपैकी एकही सांगत नाही, आणि सांगणारही नाही, कारण ते मराठी वाचकासाठी लिहिलेले नाहीत. आपल्या ‘राहणे’च्या पोटात इंग्रजीतली दोन क्रियापदं मावतात. घर असेल तर लिव्ह, मुक्काम असेल तर स्टे. ‘आम्ही दोन रात्री हॉटेलात राहिलो’ याला ‘वी लिव्ह्ड’ चालत नाही, ‘वी स्टेड’ हवं. उलट बाजूने ‘व्हेअर डू यू स्टे?’ असं घराबद्दल विचारणं भारतीय इंग्रजीत सर्रास चालतं, स्कॉटलंडमध्येही चालतं. इतरत्र ऐकणारा हॉटेलचं नाव सांगेल.

काळाचंही तसंच. ‘मी इथे दहा वर्षं राहतोय’ हे वाक्य शब्दाला शब्द ठेवून उतरवलं की ‘आय अ‍ॅम लिव्हिंग हिअर सिन्स टेन इयर्स’ तयार होतं. त्यात चुका दोन. सुरू होऊन आजवर चाललेल्या गोष्टीला इंग्रजीत ‘हॅव लिव्ह्ड’ किंवा ‘हॅव बीन लिव्हिंग’ लागतं; आणि कालावधीला ‘फॉर’, सुरुवातीच्या बिंदूला ‘सिन्स’. फॉर टेन इयर्स, पण सिन्स 2015. नुसतं ‘आय अ‍ॅम लिव्हिंग हिअर’ म्हटलं तर सध्यापुरती, तात्पुरती सोय असं ऐकू येतं. कोशांत अचूक उदाहरणं असतात, पण नियम उदाहरणातून स्वतः उकरावा लागतो.

या बाबतीत कोबिल्ड सगळ्यांत उजवा. 1987मध्ये बर्मिंगहॅम विद्यापीठात जॉन सिंक्लेअर यांच्या देखरेखीखाली तो तयार झाला, तो प्रत्यक्ष वापरातल्या इंग्रजीचा मोठा साठा संगणकावर घेऊन. त्याची व्याख्याच पूर्ण वाक्यात असते: ‘कोणी अमुक ठिकाणी किंवा अमुक माणसाबरोबर लिव्ह करत असेल, तर त्याचं घर तिथे असतं’ अशा धाटणीची. त्यामुळे शब्दामागे इन येतं की विथ, हे व्याख्या वाचतानाच कळून जातं. लांबण लागते खरी, पण वाक्यरचना फुकटात मिळते.

विशेषणाकडे वळलं की मजा येते. लाइव्ह प्रक्षेपण सगळ्यांना ठाऊक. लाइव्ह वायर म्हणजे करंट असलेली तार, इलेक्ट्रिशियनच्या भाषेत फेज. उत्साहाने सळसळणाऱ्या माणसालाही तेच म्हणतात. लाइव्ह अ‍ॅम्युनिशन म्हणजे खरी काडतुसं, लाइव्ह कोल म्हणजे धगधगता निखारा. लाइव्ह लस म्हणजे जिवंत पण दुबळे केलेले विषाणू असलेली, जसा पोलिओचा तोंडी डोस. पोलिओच्या इंजेक्शनमधले विषाणू निष्क्रिय केलेले असतात. आपल्याकडे या सगळ्यांना ‘जिवंत’ लावून चालणार नाही. तार आणि काडतूस ‘जिवंत’ म्हणतात, पण जिवंत प्रक्षेपण म्हटलं तर लोक हसतील. तिथे ‘थेट’च हवं. इंग्रजी-मराठी अ‍ॅप नेमके इथे घसरतात: एका शब्दापुढे एक प्रतिशब्द, संपलं.

‘अलाइव्ह’ हा याचा थोरला भाऊ. तो जुन्या इंग्रजीतल्या ‘ऑन लाइफ’सारख्या शब्दजोडीतून आला, म्हणून नामाच्या आधी बसत नाही. मासा अलाइव्ह असतो, पण बाजारात मिळतो तो ‘लाइव्ह फिश’. माणसांच्या बाबतीत ‘लिव्हिंग’ वापरायचं: लिव्हिंग रिलेटिव्ह्ज. लाइव्ह रिलेटिव्ह्ज म्हटलं तर काका-मामा रंगमंचावर कार्यक्रम करताहेत असं वाटेल.

शेपूट लागलेल्या क्रियापदांसाठी ऑक्सफर्ड किंवा लाँगमन घ्यावा. नोंद खालपर्यंत सरकवली की ती सापडतात. ‘लिव्ह अप टू’ म्हणजे अपेक्षेला उतरणे. ‘लिव्ह डाउन’ म्हणजे फजिती लोकांच्या विस्मरणात जाईपर्यंत तग धरणे; वापर बहुतेक नकारार्थी, ‘ही विल नेव्हर लिव्ह इट डाउन’. ऑन आणि ऑफ मात्र जपून. पेन्शनवर जगणे हे ‘लिव्ह ऑन’, आणि भावाच्या जिवावर जगणे हे ‘लिव्ह ऑफ’. मराठीत दोन्हीकडे ‘-वर’च आहे, टोमणा ‘जिवा’त आहे, इंग्रजीत माणसाबद्दल बोलताना तो टोमणा ‘ऑफ’ मारतं.