३४ इंची कर्व्ड मॉनिटर: पॅनल झकास, पण स्टँडने मान टाकली

सर्व्हिस सेंटरशी चाललेलं भांडण एकदाचं मिटलं म्हणून आता निवांत लिहायला बसलोय. ३४ इंची अल्ट्रावाइड, ३४४० बाय १४४० पिक्सेल, १६५ हर्ट्झ (सेकंदाला १६५ वेळा चित्र बदलतं), व्हीए पॅनल (एलसीडीचाच एक प्रकार), १५००आर कर्व्ह (स्क्रीनचा बाक). बाकी स्पेक्स सगळ्यांना पाठ असतात, त्यात शिरत नाही. मला बोलायचंय ते स्टँडच्या बिजागरीबद्दल, जिच्याबद्दल कुठल्याच रिव्ह्यूत कोणी दोन शब्द बोलत नाही.

सुरुवातीला सगळं मस्त होतं. पावसाळ्यात कधीतरी लक्षात यायला लागलं की सकाळी कामाला बसताना स्क्रीन सरळ करून बसतो आणि संध्याकाळपर्यंत ती खाली बघायला लागलेली असते. आईला वाटलं पुसताना तिचाच हात लागला असेल, म्हणून खात्री करायला मी वरच्या कडेपासून भिंतीपर्यंतचं अंतर टेपने मोजून भिंतीवर लिहून ठेवलं, आणि त्या दिवशी मॉनिटरला कोणी हात लावायचा नाही असं घरात सांगितलं. रात्री मोजलं तर अंतर चांगलं दोन बोटं वाढलेलं. म्हणजे कोणी न शिवता मॉनिटर हळूहळू पुढे वाकतोय.

आता हे का होतं ते बघा. बहुतेक स्टँडमध्ये टिल्टची, स्क्रीन वर-खाली झुकवायची बिजागरी म्हणजे एकमेकांवर दाबून नटाने आवळलेले वॉशर, त्या घर्षणावर सगळा तोल. सपाट मॉनिटरचं वजन बिजागरीच्या जवळच राहतं, पण कर्व्ह असला की दोन्ही बाजू पुढे येतात. १५००आर म्हणजे दीड मीटर त्रिज्येच्या वर्तुळाचा तुकडा, आणि ३४ इंची पॅनलची रुंदी साधारण ८० सेंटिमीटर, तर हिशोबाने दोन्ही कडा मधल्या भागापेक्षा जवळपास साडेपाच सेंटिमीटर पुढे येतात. १०००आर घेतलात तर आठच्या वर. तेवढं वजन दिवसरात्र बिजागरीच्या पुढे लटकतंय, मग ती बिजागरी सपाट मॉनिटरपेक्षा दणकट नको का? एवढे पैसे घेऊन मागच्या बाजूला रंगीत लाइटची रिंग दिलीये, जी भिंतीकडे तोंड करून जळते आणि मला बसल्या जागेवरून दिसतही नाही, त्यापेक्षा ते पैसे बिजागरीत घालायला हवे होते. हे मी अगदी मनापासून सांगतोय.

टोल फ्रीवर फोन केला तर पहिलं उत्तर, सर ड्रायव्हर अपडेट करून बघा. बिजागरीला कसला ड्रायव्हर! मग नवी मुंबईहून टेक्निशियन आला, त्याने लाल हिरवा निळा स्क्रीन लावून पाहिला आणि म्हणाला, "पॅनल ओके आहे सर, एकही डेड पिक्सल नाही." मी म्हटलं, "अहो दादा, पॅनलबद्दल तक्रारच नाहीये माझी." मुलगा चांगला होता, मोबाइलमधलं लेव्हल अॅप स्क्रीनच्या मागे टेकवून त्याने स्वतः पाहिलं आणि रिपोर्टमध्ये तसंच्या तसं लिहिलं. पण सेंटरवाल्यांचं म्हणणं, स्टँड ही अॅक्सेसरी आहे, ती वॉरंटीत येत नाही. मी वॉरंटी कार्ड काढून बसलो. त्यात आपटणं, पाणी, व्होल्टेज, झुरळं-मुंग्या सगळं वगळलंय, स्टँडचं नाव कुठेच नाही. कार्डाचा फोटो, टेक्निशियनचा रिपोर्ट आणि मॉनिटर वाकतानाचा टाइमलॅप्स असं सगळं मेल केलं, उत्तर नाही. शेवटी १९१५ वर, म्हणजे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, त्यानंतर मात्र चक्रं फिरली आणि नवीन स्टँड घरी आला. तुमच्याकडे असं झालं तर मेलामेलीत वेळ घालवू नका, तक्रार नोंदवून टाका.

मधे एकदा तर अख्खा मॉनिटर मूळ खोक्यात थर्माकोलसकट पॅक करून द्या म्हणाले होते. आमचा मानपाड्याला वन बीएचके, तो खोका ना पलंगाखाली जातो ना माळ्यावर आडवा बसतो. आई रोज म्हणायची, "हा खोका भंगारवाल्याला दे, नाहीतर मी देते." नशीब तो कपाटामागे उभा करून ठेवला होता, कारण खोका नाही तर पिकअप नाही असं त्यांचं सरळ धोरण आहे. जागा कितीही कमी असो, वॉरंटी संपेपर्यंत खोका टाकू नका.

कर्व्हबद्दल मात्र माझं मत पार बदललं. घेताना वाटत होतं की हे फक्त दिसायला, आणि मला तर तो ऑफरमध्ये सपाटपेक्षा स्वस्त पडला म्हणून घेतला. पण ८० सेंटिमीटर रुंद स्क्रीन समोर असताना फरक खरंच पडतो. मी साधारण ६५ सेंटिमीटरवर बसतो. स्क्रीन सपाट असती तर तिची कड डोळ्यापासून ७६ सेंटिमीटरवर गेली असती, इथे ती ७२ च्या आत राहते, आणि मुख्य म्हणजे कड आपल्याकडे वळलेली असते. व्हीए पॅनल तिरकं बघितलं की रंग फिके पडतात, म्हणून या पॅनलला कर्व्ह जास्त उपयोगाचा. एक्सेलमध्ये डावीकडचा कॉलम आणि उजवीकडचा टोटल मान न वळवता दिसतो. कार रेसिंगमध्ये तर बाजूचा रस्ता असा अंगावर येतो की सपाट स्क्रीनकडे परत जायची इच्छा होत नाही. सरळ रेघा पहिल्या आठवड्यात वाकड्या वाटतात, मग डोळे सरावतात. काळ्या बॅकग्राउंडवर अक्षरं स्क्रोल केली की मागे सावली ओढली जाते, तो व्हीएचा स्वभाव आहे, रात्री कोड वाचणाऱ्यांनी आधी दुकानात बघून घ्या. आणि पाठीमागे बाल्कनी असेल तर दुपारी पडदा लावावाच लागतो, उजेडाचा लांबलचक पट्टा उमटतो.

स्टँडची दुसरी कटकट म्हणजे पाय. व्ही आकाराचे दोन लांब पाय पुढे येतात आणि मागे खांब भिंतीपासून लांब राहतो. आपल्याकडे सुतार टेबल करून देतो ते दोन फूट खोल, त्यातलं जवळपास अर्धं स्टँडनेच खाल्लं, कीबोर्ड पायांच्या मधे तिरका ठेवावा लागायचा. खोक्यावर हर्ट्झ आणि मिलिसेकंद ठळक छापतात, टेबलावर किती खोली लागेल ते मॅन्युअलच्या आकृतीत शोधावं लागतं. ठाणे-मुंबईतल्या घरांसाठी हा आकडा सगळ्यात आधी बघा.

म्हणून नवा स्टँड येईपर्यंत गॅस स्प्रिंगवाला आर्म घेतला, म्हणजे टेबलाच्या कडेला क्लॅम्पने बसणारा आणि मॉनिटर अधांतरी धरणारा हात. आर्म लावला की जागेचा प्रश्न मिटला असं सगळे सांगतात, ते पूर्ण खरं नाही. आर्मचं कोपर मागे जातं, टेबल भिंतीला चिकटवलेलं असेल तर ते भिंतीवर आपटतं, म्हणून मी क्लॅम्प मधे न लावता डाव्या कोपऱ्यात लावला आणि आर्म आडवा वळवला. आर्मवर लिहिलेली वजनाची मर्यादा सपाट मॉनिटर धरून असते असंच समजा, कर्व्ह असला की थोडा जास्त ताकदीचा घ्या, नाहीतर तिथेही मान खाली. माझ्या मॉनिटरची आर्म बसवायची १०० बाय १०० मिलिमीटरची भोकं खोल खड्ड्यात आहेत, आर्मची प्लेट आत बसेना, सोबत आलेले स्क्रू पोचेनात. वागळे इस्टेटला एका फॅब्रिकेशनवाल्या काकांकडे गेलो, त्यांनी अॅल्युमिनियमच्या नळीचे चार तुकडे कापून दिले, कडा कानशीने घासून गुळगुळीत केल्या, एम४ चे (४ मिलिमीटर जाडीचे) लांब स्क्रू ड्रॉवरमधून शोधून दिले आणि वर म्हणाले, "आवळताना जोर नको लावू, आत प्लास्टिक असतं." चहापेक्षा थोडे जास्त पैसे घेतले असतील. कंपनीने हे चार स्पेसर खोक्यात टाकायला काय जात होतं? क्लॅम्पखाली लोखंडी पट्टीही घातली, पार्टिकल बोर्ड दबून फुटतो.

पैशाचं म्हणाल तर मी घेतला तेव्हा ३२ इंचांवरच्या मॉनिटरवर २८ टक्के जीएसटी होता, २२ सप्टेंबर २०२५ पासून तो १८ झाला. तीस हजारांच्या बिलावर साधारण २,३०० रुपयांचा फरक, म्हणजे आर्मचे पैसे जवळपास तिथेच निघाले असते. आता घेणाऱ्यांनी जुन्या किमतीच्या स्टिकरवर अजिबात जाऊ नका, दुकानदाराला विचारा.

केबलचं एक राहिलं. एचडीएमआय २.० वर या रिझोल्यूशनला १०० हर्ट्झच मिळतात, पूर्ण १६५ हवे असतील तर डिस्प्लेपोर्टच लावा. पोर्ट सगळे खाली तोंड करून आहेत, त्यामुळे आर्मवर चढवायच्या आधी केबल जोडून घ्या, नंतर मोबाइलचा टॉर्च तोंडात धरून चाचपडावं लागतं.

नवीन स्टँड आला त्यावर मॉनिटर काही दिवस मुद्दाम ठेवून रोज भिंतीपासूनचं अंतर मोजलं. अजून तरी जागचा हलला नाही, पण जुनाही सुरुवातीला हलत नव्हता, त्यामुळे मॉनिटर पुन्हा आर्मवर चढवलाय. स्टँड जुन्या चादरीत गुंडाळून खोक्यातच ठेवलाय, कारण उद्या पॅनलचा क्लेम करायची वेळ आली तर ते स्टँडसकटच मागणार.