सिग्नल केबिनचा खेळ: यंत्र खरे, गुण खोटे

गेले तीन महिने रात्रीच्या जेवणानंतरचा तासभर मी सांगलीतील विश्रामबागेच्या घरात बसून इंग्लंडमधील एका सिग्नल केबिनची पाळी करतो आहे. संगणकावरचा हा खेळ दुहेरी मार्गावरील एका छोट्या केबिनचा आहे. समोर सिग्नल आणि सांधे हलवणाऱ्या 24 लिव्हरची रांग, तिच्यावरच्या फळीवर दोन्ही शेजारी केबिनशी जोडलेली, मार्गाची स्थिती काट्याने दाखवणारी ब्लॉक यंत्रे आणि त्यांच्या घंटा, उजव्या हाताला रजिस्टर आणि खिडकीबाहेर रूळ, एवढाच त्याचा पसारा. खेळाचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण माझ्याकडची आवृत्ती जुनी आहे आणि पुढे काही तक्रारीही मांडल्या आहेत. गाडी चालवण्याची हौस असलेल्यांनी याच्या वाटेला जाऊ नये. येथे गाडी दिसते ती खिडकीतून, वीसेक सेकंद, आणि तेवढ्यात तिचे शेवटचे वाहन नीट पाहायचे असते.

या केबिनचे काम ज्या पद्धतीने चालते ती ॲब्सोल्यूट ब्लॉक पद्धत सांगायला सोपी आहे: दोन केबिनमधल्या टप्प्यात, म्हणजे ब्लॉक सेक्शनमध्ये, एका मार्गावर एका वेळी एकच गाडी. ब्रिटनमध्ये प्रवासी मार्गांवर ती कायद्याने सक्तीची झाली 1889 साली. त्याच वर्षी 12 जूनला आयर्लंडमधील आर्मा येथे चढावर सुटलेले सहलीच्या गाडीचे डबे मागे घरंगळत येऊन पाठोपाठ, केवळ ठरावीक वेळेच्या अंतराने, सोडलेल्या गाडीवर आदळले होते आणि 80 माणसे दगावली होती. वेळेच्या अंतरावर विसंबणे तेव्हापासून संपले. हे सारे वाचून ठाऊक असले तरी हाताने करताना त्याचा अर्थ निराळा लागतो. मागची केबिन घंटेचा एक ठोका देऊन माझे लक्ष वेधते, मी एका ठोक्याने उत्तर देतो. ती एक्स्प्रेससाठी सलग चार ठोके देऊन ‘लाईन क्लिअर आहे का’ असे विचारते, आणि माझ्या होम सिग्नलच्या, म्हणजे येणाऱ्या गाडीला केबिनच्या अलीकडे थोपवणाऱ्या सिग्नलच्या, पुढे 440 यार्डांपर्यंत मार्ग मोकळा असेल तरच मी तेच चार ठोके परत देऊन यंत्राचा काटा ‘लाईन ब्लॉक्ड’वरून ‘लाईन क्लिअर’वर आणतो. त्यानंतरच तिकडचा स्टार्टरचा, म्हणजे गाडीला टप्प्यात सोडणाऱ्या सिग्नलचा, लिव्हर सुटतो. गाडी टप्प्यात शिरल्याचे दोन ठोके आले की काटा ‘ट्रेन ऑन लाईन’वर न्यायचा, आणि गाडी शेवटच्या वाहनामागच्या दिव्यासह, म्हणजे एकही डबा मागे न सुटता, पूर्ण आली, मागे सिग्नल धोक्यावर टाकला, की दोन-एक, म्हणजे दोन, मग विराम आणि एक, असे ठोके देऊन टप्पा मोकळा करायचा.

या खेळाचे खरे वैभव घंटेत आहे. घंटेची कळ कीबोर्डवरच्या एका बटनाने दाबायची असते आणि ठोक्यांमधला विराम संगणक मोजतो. साध्या पॅसेंजरला तीन-एक, एक्स्प्रेसला चार, रिकाम्या डब्यांच्या गाडीला दोन-दोन-एक, एकट्या इंजिनाला दोन-तीन. तीन-एक देताना मधला विराम आखडता घेतला की पुढच्या केबिनला चार ऐकू येतात, ती चारच परत देते, आणि आपण परत आलेले ठोके मोजायचा कंटाळा केला तर आपली साधी पॅसेंजर एक्स्प्रेस म्हणून पुढे जाते. पहिल्या आठवड्यात माझ्याकडून हे घडले. पुढच्या केबिनने माझ्या त्या चार डब्यांच्या गाडीसाठी एक मालगाडी सायडिंगला टाकून ताटकळत ठेवली. ठोके परत देण्याची रीत शिष्टाचाराची नसून पडताळणीची आहे, हे मला त्या दिवशी समजले. याच कारणासाठी बिनतारी हेडफोन लावून हा खेळ खेळू नये: आवाज किंचित उशिरा पोहोचतो, बोट पुढे आणि ठोका मागे अशी ओढाताण होते, आणि हाताची लय बिघडते. साधा तारेचा हेडफोन लावल्यावर माझ्या निम्म्या चुका थांबल्या.

आमच्या शेजारी एक निवृत्त स्टेशन मास्तर राहतात. नोकरीचा मोठा भाग त्यांनी एकेरी मार्गावर काढला. तेथे यंत्रातून निघणारा नीलचा गोळा, म्हणजे टप्प्यात जाण्याच्या परवान्याची खूण, चामडी पिशवीत घालून ड्रायव्हरच्या हाती द्यावा लागे, आणि गोळ्याशिवाय गाडी टप्प्यात जात नसे. मास्तरकाकांना मी खेळ दाखवला तेव्हा पहिली घोटाळ्याची जागा दोन ठोक्यांवर आली. आपल्याकडे दोन ठोके म्हणजे लाईन क्लिअरची विचारणा, तीन म्हणजे गाडी टप्प्यात शिरली आणि चार म्हणजे गाडी टप्प्याबाहेर आली. गाडी कोणत्या वर्गाची ते फोनवर सांगायचे. ब्रिटिश पद्धतीत गाडीचा वर्गच ठोक्यांतून सांगितला जातो आणि दोन ठोक्यांचा अर्थ गाडी निघाली असा होतो. काकांनी दोन ठोके ऐकताच सवयीने दोन परत दिले आणि काटा लाईन क्लिअरवर नेऊ लागले, तर तो आधीपासूनच तेथे होता. ‘ही तर निघालीसुद्धा, विचारलं कधी?’ असे म्हणून ते हसले. सहा ठोके मात्र दोन्हीकडे धोक्याचेच आहेत, आणि 440 यार्डांचे अंतर आपल्या जुन्या हाताच्या सिग्नलांसाठी ठरवलेल्या 400 मीटरच्या अगदी जवळ बसते, हे पाहून त्यांचा खेळावर विश्वास बसला. एका गोष्टीला ते अजून सरावलेले नाहीत. आपल्याकडे मोकळीक मिळाली की ‘सिग्नल पडला’ म्हणतात, कारण जुना हात खाली पडत असे. या खेळातला हात वर उचलला जातो, आणि काका तरीही ‘पडला’ असेच म्हणतात.

खेळातील सर्वांत मोलाची वस्तू सर्वांत साधी आहे: लिव्हरवर अडकवायची लोखंडी कडी, जिला तेथे कॉलर म्हणतात. होम सिग्नलजवळ एखादी गाडी उभी असेल तर त्या सिग्नलच्या लिव्हरवर कडी अडकवायची, म्हणजे विसरून हात गेला तरी लिव्हर ओढता येत नाही. कडी अडकवण्याची आठवण खेळ करून देत नाही, आणि ते योग्यच आहे. एका रविवारी सकाळी मी एक मालगाडी सांध्यावरून समोरच्या मार्गावर घेऊन एक्स्प्रेसला वाट करून दिली. तेवढ्यात दारात सिलिंडरवाला आला, पैसे देऊन मी परत येऊन बसलो, त्या समोरच्या मार्गावरून विचारणेचे तीन-एक ठोके आले आणि मी निवांतपणे लाईन क्लिअर दिली. मालगाडी खिडकीच्या अगदी समोर उभी होती. पडदा काळा झाला आणि केवळ वेळ तेवढी दिसत राहिली.

अपघाताचा देखावा खेळाने दाखवला नाही, याबद्दल मी निर्मात्यांचा आभारी आहे. 22 मे 1915 रोजी स्कॉटलंडमधील क्विंटिन्सहिल येथे नेमके असेच झाले होते. समोरच्या मार्गावर घेतलेली लोकल केबिनसमोर उभी होती, लिव्हरवर कडी नव्हती, आणि नुकताच पाळीवर आलेला सिग्नलमन ज्या लोकलने कामावर पोहोचला होता तीच लोकल विसरून त्याने सैनिकांच्या गाडीला मार्ग दिला. दोनशेहून अधिक माणसे गेली. पाळीची अदलाबदल ठरल्या वेळेपेक्षा उशिरा होत असल्याचे लपवण्यासाठी आधीच्या माणसाने नोंदी चिठोऱ्यावर लिहून ठेवल्या होत्या आणि त्या वेळी दुसरा त्या स्वतःच्या अक्षरात रजिस्टरमध्ये उतरवत बसला होता. म्हणूनच या खेळातील रजिस्टर आपोआप भरण्याची सोय मला पटत नाही. आवृत्ती बसवल्याबरोबर ती चालू असते. ती बंद करावी. मी गणपती पेठेतून एक जाड वही आणली असून ठोक्याठोक्याची वेळ तिच्यात हाताने लिहितो, आणि वही लिहायला लागल्यापासून उभी गाडी विसरलेलो नाही.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात सांगण्याजोग्या आहेत. आठ वर्षांच्या जुन्या लॅपटॉपवर खेळ सुरळीत चालतो. मदतीची पाने इंग्रजीत आहेत, आणि ‘रिअर’ म्हणजे गाडी जेथून आली ती बाजू व ‘ॲडव्हान्स’ म्हणजे ती जाणार ती बाजू, एवढे मनात पक्के केले की ती वाचता येतात. शेजारच्या केबिन संगणक सांभाळतो; तो कधी पेंगत नाही, कधी उत्तराला उशीर करत नाही आणि त्यामुळे थोडा खोटा वाटतो. दोघांनी दोन केबिन घेऊन खेळण्याची सोय आहे. साताऱ्यातील एका मित्राबरोबर मी ती आठवडाभर वापरली. तो चहा करायला उठला की माझी एक्स्प्रेस स्टार्टरवर उभी राही, आणि त्या चार मिनिटांत जे कळले ते संगणकाच्या शेजाऱ्याकडून कळले नसते. मात्र इंटरनेट मंद असले की तीन-एकचे पुन्हा चार होतात. वेळ वेगाने पळवण्याचे बटन कृपा करून दाबू नये.

माझी मोठी तक्रार गुण देण्याच्या पद्धतीविषयी आहे. यंत्रे, लिव्हरांची परस्परांशी घातलेली कुलपे, ठोके, काटे हे सारे इतक्या निष्ठेने उतरवणाऱ्यांनी पाळी संपल्यावर गुण मात्र गाड्यांच्या वेळेवर दिले आहेत. शेवटचा दिवा न पाहताच दोन-एक दिले तरी, गाडी तुटलेली नसेल तर, गुण पूर्ण मिळतात. खात्री होईपर्यंत थांबले तर ते कापले जातात. मी पंधरवडाभर नकळत असाच खेळत होतो आणि माझे गुण उत्तम होते.

मागच्या शनिवारी रात्रीच्या पाळीवर मास्तरकाका बसले. एक्स्प्रेस केबिनसमोरून जात असतानाच शेजारच्या मार्गावर उलट दिशेने मालगाडी आली आणि एक्स्प्रेसचे शेवटचे वाहन तिच्या आड गेले. मी म्हणालो, ‘काका, द्या दोन-एक, मागे दुसरी एक्स्प्रेस थांबलीये.’ त्यांनी माझ्याकडे न पाहता विचारले, ‘तू दिवा बघितलास काय?’ मी गप्प बसलो. वहीत पाहून त्यांनी पुढच्या केबिनला नऊ ठोके आणि मागच्या केबिनला चार-पाच दिले, म्हणजे गाडी शेवटच्या दिव्याशिवाय गेल्याचा इशारा, आणि काटा ‘ट्रेन ऑन लाईन’वरच राहू दिला. पुढच्या केबिनने गाडी थांबवून, पाहून, पूर्ण असल्याचे कळवले तेव्हा अकरा मिनिटे गेली होती. पाळीच्या शेवटी गुण निम्म्यावर आलेले मी त्यांना दाखवले. ‘कापू देत,’ असे म्हणून त्यांनी वहीत अकरा मिनिटांसमोर कारण लिहिले आणि खाली सही केली.