मोर्शीचा रविवारचा इंग्रजी क्लास: फी वसूल, झेरॉक्स सोडून

२०२३ ची तलाठी भरती ज्यांनी दिली त्यांना ठाऊक आहे, इंग्रजीचे २५ प्रश्न, ५० गुण. आमच्याकडची पोट्टी गणितात निभावून नेतात, इंग्रजीत मार खातात. तेही व्याकरणात कमी, शब्दांत जास्त. म्हणून या क्लासला नाव टाकलं. कृषी केंद्राच्या वरची खोली, खालून फवारणीच्या औषधाचा वास, फी महिन्याला ६०० रुपये.

सर एका रविवारी एकच क्रियापद घेतात. मी गेले तेव्हा 'रन' होतं. फळ्यावर पहिलं वाक्य लिहिलं, 'द मोटर इज रनिंग'. मागून एक जण बोलला, "सर, लाईन तं रातीच येते." सगळे हसले. सरांनी लगेच खाली लिहिलं, 'द मोटर रन्स ॲट नाइट'. आत्ता चालू आहे ते आणि रोज चालते ते, हा फरक शाळेत कोणी इतक्या झटक्यात समजावला नव्हता.

मग गाडी सुटलीच. नळ रन होतो, सर्दीत नाक रन होतं, कच्च्या रंगाची ओढणी भिजवली की रंगही रनच होतो. एसटी रन होते, बाई दुकान रन करते, आणि पुढारी निवडणुकीला रन करतो, जागचा हलो की न हलो. सरांचा हेका एकच: अर्थ 'रन'मध्ये शोधू नका, कर्ता कोण आणि पुढे काय आलं ते पाहा. पुढे 'आउट ऑफ' आलं तर संपलं, 'वी रॅन आउट ऑफ डिझेल'. इथे पोरं हटकून अडकतात, कारण रन आउट म्हटलं की त्यांना स्टंपच दिसतात. 'इनटू'च्या पुढे ओळखीचा माणूस असला तर तो अवचित भेटला, बाभूळ असली तर गाडी ठोकली.

ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशात या एका क्रियापदाचे ६४५ अर्थ आहेत, हेही सरांनी सांगितलं. १९८९ च्या आवृत्तीत 'सेट' पुढे होतं, त्याचे ४३० अर्थ होते. माझ्या बाजूची म्हणे, "बाप्पा, हे कोन पाठ करन?" कोणीच नाही. सर कामाचे तेवढे घेतात नि थांबतात, ते मला आवडलं.

आता तक्रारी. बोलायला फारसं लावत नाहीत, त्यामुळे मुलाखतीसाठी जिभेचं वळण सुधारायचं असेल तर हा क्लास तुमच्या कामाचा नाही. घड्याळ लावून पेपर सोडवून घेणंही नाही. आणि झेरॉक्स! इतकी पुसट, की 'रन' आहे का 'रॅन' तेच कळत नाही. वर्तमान आणि भूतकाळ एका अक्षरावर अडलेला, आणि नेमकं तेच अक्षर उडालेलं. ६०० रुपयांत शाई तरी धड पाहिजे.

क्लास साडेपाचला सुटतो, आमच्या गावाची एसटी सव्वापाचची. शेवटची उजळणी खेड्यावरच्या पोरींना कधीच मिळत नाही. सर, अर्धा तास आधी सुरू करा न जी.